लहान अल्पाइन सरोवरात कायाक चालवणे आणि कायाकवरून मासेमारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंच पर्वतातील लहान सरोवरात प्रथमच कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान होडी, नेणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. अशा सरोवरात काठालगतचा पट्टा हेच कायाकचे खरे क्षेत्र आहे, कारण सुरक्षितता तेथे आहे आणि बहुतेक मासेही तेथेच आहेत. पुढील बरीचशी उत्तरे या एका गोष्टीला धरून आहेत.

भर उन्हाळ्यातही या सरोवरांचे पाणी एवढे थंड का असते?

यांतील बहुतेक सरोवरे हिमनदीने खडक खरवडून केलेल्या खळग्यात किंवा तिने मागे टाकलेल्या हिमोढाच्या, म्हणजे दगडमातीच्या ढिगाच्या, बांधामागे साठलेली असतात. वर्षाचा मोठा भाग त्यांच्यावर बर्फाचा थर असतो आणि तो वितळल्यानंतरही भोवतालच्या उतारांवरील हिमाचे पाणी ओढ्यांतून आत येत राहते. त्यात हवेचे तापमान दर १,००० मीटर उंचीमागे सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरते, त्यामुळे पाणी तापण्यास फारसा अवधीच मिळत नाही.

जे थोडे पाणी उन्हाने तापते, तेही वरच्या थरातच राहते. पाणी सुमारे ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, म्हणून थंड पाणी तळाशी बसते, कोमट पाणी वर राहते आणि दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ थर तयार होतो. जोराचा वारा वरचे कोमट पाणी एका काठाकडे लोटतो, तेव्हा विरुद्ध काठाशी खालचे थंड पाणी वर येते. म्हणून निघताना उथळ पाण्यात हात बुडवून केलेला अंदाज पलीकडच्या काठाला लागू पडेलच असे नाही. दोरीला बांधलेले साधे थर्मामीटर जवळ असावे. ते जिवाच्या आणि मासेमारीच्या, दोन्ही कामी येते.

सरोवर लहान आहे आणि काठ समोर दिसतो, मग थंड पाण्याची एवढी चिंता कशासाठी?

कारण अंतर कमी असले तरी थंड पाण्यात शरीराची ताकद त्याहून लवकर संपते. १५ अंश सेल्सियसपेक्षा थंड पाण्यात माणूस अचानक पडला की पहिली प्रतिक्रिया श्वासाची असते. एक खोल श्वास आपोआप आत ओढला जातो आणि मग धाप लागल्यासारखा वेगाने श्वास चालू राहतो. त्या पहिल्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट फुप्फुसात जाते. हा प्रकार उत्तम पोहणाऱ्यालाही टळत नाही, कारण तो इच्छेच्या ताब्यात नसतो.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी लोकांच्या लक्षात राहावे म्हणून हा क्रम १–१०–१ अशा आकड्यांत मांडला. बर्फासारख्या थंड पाण्यात श्वास ताब्यात आणण्यासाठी साधारण १ मिनिट लागते, हातापायांची उपयोगी हालचाल साधारण १० मिनिटे टिकते आणि शरीर गारठून शुद्ध हरपण्यास साधारण १ तास लागतो. यातील मधला आकडा कायाकवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. थंडीने मृत्यू येण्याच्या कितीतरी आधी बोटे दोरी धरेनाशी होतात आणि दंड पाणी कापेनासे होतात. अंगावर लाईफ जॅकेट नसेल, तर माणूस गारठून नव्हे, बुडून मरतो. तो १ तासाचा अवधी ज्याने जॅकेट घातले आहे त्यालाच मिळतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: सरोवराच्या मध्यातून पलीकडे जाण्याऐवजी काठाकाठाने वळसा घालावा. अंगावरील कपड्यांनिशी आपण जेवढे अंतर खात्रीने पोहू शकतो, त्याच्या निम्म्याहून अधिक दूर जाऊ नये. बहुतेकांच्या बाबतीत हे अंतर ५० मीटरच्या आतच भरते.

कपडे हवेच्या तापमानानुसार निवडावेत की पाण्याच्या?

पाण्याच्या. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते, त्यामुळे बाहेर ऊन असले तरी सुती सदरा आणि जीनची विजार हा पोशाख येथे धोक्याचा आहे. पाणी १५ अंशांखाली असेल तर निओप्रीनचा (फेसाळ कृत्रिम रबराचा) अंगाला घट्ट बसणारा वेटसूट घालावा. त्याहून बरेच थंड असेल तर ड्रायसूट आणि त्याखाली लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर घालावेत. ड्रायसूट पाणी बाहेर ठेवतो, पण ऊब आतल्या थरांतूनच मिळते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

कमरेपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उभे राहण्यासाठीची जलरोधक विजार, घालून कायाकमध्ये बसणे टाळावे आणि घालायचेच असेल तर कंबरपट्टा घट्ट आवळावा. लाईफ जॅकेट सदैव अंगावर असावे; आसनामागे बांधून ठेवलेले जॅकेट उलटलेल्या माणसाला घालता येत नाही. मासेमारीसाठी पाठीचा फुगीर भाग उंचावर असलेले जॅकेट घ्यावे, म्हणजे आसनाच्या पाठीशी ते अडत नाही. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असावी.

अशा सरोवरासाठी कोणती कायाक घ्यावी?

गाडी काठापर्यंत जात असेल तर तीन ते साडेतीन मीटर लांबीची, वर बसून चालवायची रुंद कायाक मासेमारीला सर्वांत सोयीची असते. ती स्थिर असते, तिच्यात पाणी साठत नाही आणि उलटली तरी पाण्यातून पुन्हा वर चढता येते. आत बसण्याची कायाक वाऱ्यात आणि थंडीत अधिक ऊब देते, परंतु उलटल्यावर ती पाण्याने भरते आणि एकट्याने रिकामी करणे फार कठीण जाते.

पायवाटेने चढून जायचे असेल, तर २० ते ३० किलो वजनाची कठीण प्लॅस्टिकची कायाक व्यवहार्य राहत नाही. तेथे पॅकराफ्ट, म्हणजे पाठपिशवीत मावणारी, हवा भरून फुगवायची होडी, उपयोगी पडते. तिचे वजन साधारण दोन ते चार किलो असते. ती हळू चालते आणि वाऱ्याने सहज ढकलली जाते, पण लहान सरोवरात काठाकाठाने फिरण्यासाठी तिचा वेग पुरतो.

हवा भरण्याच्या होड्यांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. खाली पूर्ण फुगवून झडप बंद केलेली होडी गाडीच्या टपावर बांधून वर नेली, तर आतील हवा बाहेरच्या मानाने फार ताणली जाते आणि शिवण उसवू शकते. म्हणून होडी सरोवराकाठीच फुगवावी. ती थंड पाण्यात उतरवल्यावर आतील हवा आकुंचन पावते आणि होडी थोडी मऊ पडते, तेव्हा पाच-दहा मिनिटांनी पुन्हा थोडी हवा भरावी. दुपारी ती काठावर उन्हात ओढून ठेवताना मात्र तेवढीच हवा काढून टाकावी.

दिवसातील कोणती वेळ सर्वांत योग्य?

पहाट ते दुपारपूर्वीची. पर्वतात दिवसा उतार तापतात आणि हवा दरीतून वरच्या दिशेने वाहू लागते. सूर्य मावळल्यावर थंड हवा उलट खाली उतरते. या दोहोंच्या मधल्या काळात, म्हणजे सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी, पाणी बहुधा निवांत असते. दुपारी वारा सुटतो, तोही खिंडींतून झोतासारखा आणि दिशा बदलत. लहान सरोवरात लाटा मोठ्या होत नाहीत, पण हलकी होडी दिशा सोडून भरकटण्यास वाराच पुरेसा असतो. म्हणून निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परत येताना वारा पाठीशी असतो.

उन्हाळी दुपारी वर चढणारी हीच ओलसर हवा गडगडाटी ढग तयार करते. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावर कायाकमधील माणूस आणि त्याच्या हातातील कार्बनतंतूची मासेमारीची काठी हेच सर्वांत उंच टोक असते, आणि कार्बनतंतू विजेचा वाहक आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरतात. पण डोंगरांच्या आडोशामुळे ढग दिसतच नाही असेही होते, म्हणून असे गणित करत बसू नये. पहिला गडगडाट ऐकू येताच काठ गाठावा, एकाकी झाडापासून आणि उघड्या कड्यापासून दूर राहावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यात उतरू नये.

कायाक उलटली तर काय करावे?

प्रथम काहीच करू नये. पहिले एक मिनिट जॅकेटच्या आधाराने तरंगत, कायाकला धरून श्वास आवरावा. त्यानंतर हातांत ताकद आहे तोवर, म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच, कायाक सरळ करून वर चढावे. बाजूला आडवे होऊन पाय पृष्ठभागाशी मारत पोट कायाकवर घ्यावे, मग कूस बदलून आसनावर बसावे आणि शेवटी पाय आत घ्यावेत. हे उबदार, उथळ पाण्यात सोबत्यासह पुन्हा पुन्हा करून पाहिलेले असावे. थंड पाण्यात ते प्रथमच करण्याची वेळ येऊ नये. काठी, डबा, मासा यांपैकी काहीही वाचवण्याच्या मागे लागू नये.

वर चढता येत नसेल आणि काठ अगदी जवळ नसेल, तर कायाक सोडू नये. शरीराचा जेवढा भाग पाण्याबाहेर काढता येईल तेवढा काढावा आणि शिट्टी वाजवावी. काठावर आल्यावर ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत. त्यासाठी कपड्यांचा एक संच जलरोधक पिशवीत काठावरच ठेवलेला असावा.

सरोवरातील कोणत्या जागा टाळाव्यात?

सर्वांत आधी बहिर्गम, म्हणजे ओढा सरोवरातून बाहेर पडतो ती जागा. तेथे प्रवाह नकळत वेग घेतो आणि वाहून आलेले ओंडके अडकलेले असतात. त्यांतून पाणी निघून जाते, माणूस आणि होडी मात्र अडकतात. हंगामाच्या आरंभी काठाला चिकटून राहिलेले बर्फाचे कंगोरे आणि पाण्यात उतरलेल्या हिमाच्या उतारांचा पायथा हेही टाळावेत, कारण ते खालून पोखरलेले असतात. सैल दगडांच्या कड्याखाली दुपारी थांबू नये.

मासे नेमके कोठे असतात?

ही सरोवरे पोषणद्रव्यांच्या बाबतीत गरीब असतात. पाणी आरपार स्वच्छ दिसते ते त्यामुळेच. जे काही अन्न तयार होते ते मुख्यतः प्रकाश तळापर्यंत पोहोचतो अशा उथळ पट्ट्यात तयार होते: चिलटांसारख्या कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या, मे-माशी आणि कॅडिस या कीटकांच्या अळ्या, आणि असतील तेथे गॅमरस नावाचे लहान कवचधारी प्राणी. हे कवचधारी खाणाऱ्या ट्राउट या थंड पाण्यातील माशांचे मांस नारिंगी-गुलाबी होते, कारण त्यांच्यातील रंगद्रव्य माशात उतरते. उन्हाळ्यात वाऱ्याने वरच्या कुरणांतील मुंग्या आणि भुंगेरे पाण्यावर येऊन पडतात आणि वारा ज्या काठाकडे वाहतो तेथे जमा होतात. मासेही तेथे जमतात.

उथळ पट्टा जेथे संपतो आणि तळ एकदम खोल जातो ती कड सर्वांत भरवशाची जागा होय. फिकट पाणी जेथे गडद निळे होते ती रेषा ध्रुवीकृत काचांच्या चष्म्यातून स्पष्ट दिसते. ट्राउट या कडेने ठरावीक वाटेने फेऱ्या घालतात, उथळात येऊन खातात आणि खोलात परततात. कायाकचा खरा लाभ येथे आहे. काठावरून गळ टाकणारा माणूस खोलाकडे फेकतो आणि आमिष उथळाकडे ओढतो, तर कायाकवाला कडेला समांतर राहून आमिष दीर्घकाळ योग्य खोलीवर ठेवू शकतो.

ओढा आत येतो ती जागाही तपासावी, विशेषतः बर्फ फुटल्यानंतरच्या आठवड्यांत. रेनबो आणि कटथ्रोट ट्राउट वसंतात अंडी घालण्यासाठी वाहत्या पाण्याकडे जातात. ब्रूक ट्राउट शरदात घालतात, आणि जेथे तळातून झऱ्याचे पाणी वर येते अशा वाळूत सरोवरातही घालू शकतात. लेक ट्राउट आणि आर्क्टिक चार हे थंडी शोधत खोलात राहणारे मासे आहेत. बर्फ फुटल्यानंतर आणि शरदात मात्र तेही काठाशी येतात.

हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठीने पाणी दुधाळ निळसर असेल, तर प्रकाश खोल जात नाही आणि अन्नही कमी असते. तेथे ओढ्याचे गढूळ पाणी आणि स्वच्छ पाणी ज्या रेषेवर मिळते तिच्या स्वच्छ बाजूला प्रयत्न करावा.

एवढ्या स्वच्छ पाण्यात मासे बिथरत नाहीत का?

बिथरतात. माशाला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरील सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसते, आणि त्या शंकूच्या कडेला असलेली ठेंगणी आकृती त्याला दबलेली दिसते. कायाकमध्ये बसलेला माणूस काठावर उभ्या असलेल्या माणसापेक्षा पुष्कळ ठेंगणा असतो, ही जमेची बाजू. पण वल्हे कायाकच्या कडेवर आपटले तर तो आवाज पाण्यात दूरवर जातो. कायाकच्या तळावर फोमची पट्टी चिकटवावी, डबे बांधून ठेवावेत आणि ठरलेल्या जागेच्या आधीच वल्हे थांबवून कायाक स्वतःच्या वेगाने जाऊ द्यावी.

कोणती काठी, तंगूस आणि आमिषे न्यावीत?

सुमारे दोन मीटरची हलकी स्पिनिंग काठी, लहान रीळ आणि दोन ते तीन किलो ताकदीचा तंगूस पुरतो. तीन ते सात ग्रॅमचे स्पून (चमच्यासारखी धातूची आमिषे) आणि लहान, फिरत्या पात्याचे स्पिनर सोबत असावेत. लहान स्पून सेकंदाला साधारण ३० सेंटिमीटर बुडतो, म्हणून तो पडल्यावर मनात आकडे मोजावेत. दहावर मासा लागला तर पुढच्या वेळीही दहापर्यंतच थांबावे. माशीच्या आमिषाने मासेमारी करणाऱ्यांनी कायरोनोमिडच्या कोषासारखी दिसणारी कृत्रिम आमिषे तळालगत अगदी संथ ओढावीत. बसल्या जागेवरून फेकताना थोडी लांब काठी सोयीची पडते.

प्रत्येक काठी आणि वल्हे दोरीने बांधलेले असावे, मात्र त्या दोऱ्या आखूड असाव्यात, म्हणजे उलटल्यावर पाय गुंतणार नाहीत. दोरी कापण्यासाठी चाकू जॅकेटवर, एका हाताने निघेल अशा जागी ठेवावा. शिशाची वजने टाळावीत. पाणपक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात.

वल्हवत आमिष मागे ओढण्याची पद्धत कशी असते?

यालाच ट्रोलिंग म्हणतात आणि नवख्यांसाठी हीच उत्तम सुरुवात आहे. २० ते ३० मीटर तंगूस मागे सोडून ताशी दोन ते तीन किलोमीटर वेगाने खोलीच्या कडेने नागमोडी जावे. वळताना बाहेरच्या बाजूचे आमिष वेग घेते आणि आतल्या बाजूचे मंदावून खाली जाते, त्यामुळे झटका कोणत्या वळणावर बसला यावरून माशांना कोणता वेग आणि कोणती खोली हवी हे कळते. काठी पुढे, डोळ्यांसमोरच्या धारकात ठेवावी. मागच्या धारकाकडे पुन्हा पुन्हा वळून पाहताना तोल जातो.

नांगर टाकावा का?

उथळ, शांत पाण्यात टाकण्यास हरकत नाही. वाऱ्यात मात्र कायाकच्या बाजूला बांधलेला नांगर तिला आडवी धरून उलटवू शकतो, म्हणून तो नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाशी आणि एका झटक्यात सुटेल अशा बांधणीने असावा. ही सरोवरे काठापासून थोड्याच अंतरावर फार खोल होतात आणि तळाशी मोठाल्या शिळा असतात, त्यांत नांगर अडकतो. पाण्यात छत्रीसारखी उघडणारी कापडी पिशवी मागे सोडून वाहण्याचा वेग कमी करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

उंचीचा शरीरावर परिणाम होतो का?

होतो. २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ आणि थकवा येऊ शकतो. तो वाढत असेल तर खाली उतरणे हाच उपाय आहे. अतिनील किरणे दर १,००० मीटरमागे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि पाण्यावरून परावर्तितही होतात, म्हणून हनुवटीखाली आणि कानांमागेही उन्हापासून बचाव करणारे मलम लावावे. सरोवराचे पाणी उकळूनच प्यावे: २,००० मीटरच्या वर ते खळखळून तीन मिनिटे उकळू द्यावे, कारण तेथे पाणी कमी तापमानाला उकळते.

पकडलेला मासा ठेवावा की सोडावा?

हे सरोवरागणिक ठरते. थंड पाणी आणि आखूड उन्हाळा यांमुळे येथील मासा फार हळू वाढतो, तेव्हा मोठा मासा हा अनेक हंगामांचा असतो आणि त्याची जागा लवकर भरून येत नाही. मूळचे, नैसर्गिक ट्राउट असतील तर ते सोडून द्यावेत. याउलट बाहेरून आणलेल्या ब्रूक ट्राउटची संख्या अनेक सरोवरांत एवढी वाढते की सर्वच खुरटे राहतात; तेथे नियमाने परवानगी असेल तेवढे लहान मासे खाण्यासाठी घेणे योग्यच आहे.

सोडायचा असेल तर एकच गळ वापरावा आणि त्याच्या टोकामागचा उलटा दात चिमट्याने दाबून सपाट करावा. हात ओले करावेत, रबरी जाळ्यात मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि बाहेर उचलायचाच असेल तर काही सेकंदांपुरताच उचलावा. उथळ पाण्याचे तापमान २० अंशांपर्यंत गेले असेल तर मासेमारी थांबवावी. उबदार पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि उंचीवर तो आधीच कमी असतो, त्यामुळे दमलेला मासा सोडल्यानंतरही मरतो. खोलातून वर आणलेल्या लेक ट्राउटच्या तोंडातून बुडबुडे येतात, त्याने घाबरू नये. ट्राउटचा वाताशय अन्ननलिकेशी जोडलेला असल्याने तो जादा वायू तोंडावाटे सोडतो.

रिकाम्या सरोवरात मासे आणून सोडले तर काय बिघडेल?

पुष्कळ बिघडते, आणि बिघडलेले आहे. धबधब्यांच्या वर असलेल्या बहुतेक उंच सरोवरांत मुळात मासे नव्हतेच. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात एकोणिसाव्या शतकापासून ट्राउट सोडले गेले. तेथील पिवळ्या पायांच्या पर्वतीय बेडकाची पिल्ले बेडूक होण्यापूर्वी दोन ते चार वर्षे पाण्यातच राहतात, म्हणून त्यांना तळापर्यंत न गोठणारी खोल सरोवरे लागतात. आणि ट्राउटही नेमक्या त्याच सरोवरांत टिकतात. बेडूक बहुतेक ठिकाणांहून नाहीसे झाले, पुढे कायट्रिड बुरशीच्या रोगाने उरलेल्यांवर घाला घातला. जेथून ट्राउट काढून टाकण्यात आले, तेथील काही सरोवरांत बेडूक पुन्हा वाढले. म्हणून जिवंत आमिष नेऊ नये आणि एका सरोवरातील मासा दुसऱ्यात कधीही सोडू नये.

परवाना लागतो का?

जवळजवळ सर्वत्र लागतो, आणि मासेमारीचा व होडीचा परवाना वेगवेगळा असू शकतो. अनेक संरक्षित सरोवरांत इंजिन, होडी किंवा विशिष्ट आमिषांना बंदी असते. नियम दर हंगामाला बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या सरोवराचे चालू वर्षाचे नियम वाचावेत.

एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना कायाक धुणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, प्रत्येक वेळी. झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले साठलेल्या पाण्यातून, न्यूझीलंडच्या चिखलगोगलगाई चिखलातून आणि ट्राउटच्या कण्याला वाकवणाऱ्या रोगाचे बीज ओल्या बुटांतून प्रवास करतात. आसनाखालची, पोकळ भागातली आणि वल्ह्याच्या दांड्यातली पाण्याची प्रत्येक जागा काठावरच रिकामी करावी, शेवाळ आणि चिखल हाताने काढावा आणि मग सर्व साहित्य पूर्ण कोरडे होऊ द्यावे. कोरडे होण्यास वेळ नसेल तर साहित्याला चालेल एवढ्या, शक्यतो ६० अंशांच्या, गरम पाण्याने धुवावे. हवा भरण्याच्या होड्यांच्या शिवणी आणि लाईफ जॅकेटचा फोम सर्वांत उशिरा सुकतो, म्हणून पॅकराफ्ट गुंडाळण्यापूर्वी तिच्या घड्या उघडून पुसाव्यात आणि घरी पोहोचल्यावर ती पुन्हा फुगवून सावलीत ठेवावी.